ढगातील ठेव आणि घरातील प्रत

नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या काठी, एकलहरे नावाचे गाव आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळे या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. 1970 च्या सुमारास येथे वीज निर्माण होऊ लागली. आरंभीचे दोन संच पुढे कालमानाप्रमाणे बंद करण्यात आले. 1979 ते 1981 या काळात प्रत्येकी 210 मेगावॅटचे आणखी तीन संच उभे राहिले होते, त्यांनी केंद्राचा भार उचलला. रेल्वेने कोळसा येतो, नदीचे पाणी येते, पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने चक्र फिरते आणि वीज तयार होते. शीतकरण मनोऱ्यांतून वर चढणारे पांढरे लोट दुरून पाहणाऱ्यास ढगांसारखे भासतात. ढग म्हटला म्हणजे तो डोळ्यांना दिसावा, वाऱ्याबरोबर सरकावा आणि पाहता पाहता विरून जावा, अशी आपली नित्याची कल्पना असते.

परंतु अलीकडे हाच शब्द आणखी एका अर्थाने आपल्या घरात शिरला आहे. "फोटो कोठे आहेत?" असे विचारले, तर "क्लाउडवर आहेत," असे उत्तर मिळते. क्लाउड म्हणजे ढग. बाबांच्या नोकरीची कागदपत्रे, ताईच्या लग्नाची छायाचित्रे, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटुकले, आजीने जात्यावर म्हणून दाखविलेल्या ओव्या हे सारे धन आज या ढगात ठेवलेले असते. मुलांनो, हा ढग आहे तरी कोठे, त्यात ठेवलेली ठेव कितपत सुरक्षित असते आणि तिची एक प्रत आपल्या घरी का व कशी ठेवावी, हे या पाठात पाहू या.

पहिली गोष्ट ही की, हा ढग आकाशात नाही. तो जमिनीवर उभ्या असलेल्या भक्कम इमारतींत आहे. या इमारतींना विदाकेंद्र किंवा डेटा सेंटर म्हणतात. आत लोखंडी मांडण्यांवर ओळीने संगणक रचलेले असतात. त्यांना सर्व्हर असे नाव आहे. हे संगणक रात्रंदिवस चालू असतात. ते तापतात, म्हणून त्यांना सतत थंड ठेवावे लागते. ते विजेवर चालतात, म्हणून त्यांना अखंड वीज पुरवावी लागते. एका मोठ्या विदाकेंद्राला कित्येक मेगावॅट वीज लागते. म्हणजे एकलहऱ्यासारख्या ठिकाणी कोळसा जळतो, तेव्हा कोठे तरी हा अदृश्य ढग जागा राहतो. आपल्या राज्यात नवी मुंबईच्या परिसरात अशी अनेक केंद्रे आहेत. परदेशांशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन मिळतात. त्यामुळे एकलहऱ्याच्या वसाहतीतील एखाद्या मुलीने काढलेले चित्र नवी मुंबईत असू शकेल, किंवा सातासमुद्रांपलीकडेही असू शकेल. तिच्या हातातील दूरध्वनीवर ते क्षणात दिसते, म्हणून ते जवळ आहे असे वाटते, एवढेच.

या सोयीचे मोल थोडे नाही. दूरध्वनी हरवला, पाण्यात पडला वा चोरीस गेला, तरी ढगातील चित्रे शाबूत राहतात. नाशिकच्या रहिवाशांना गोदावरीच्या पुराची ओळख आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, यावरून तेथील लोक पुराची मजल सांगतात. 1969 आणि 2008 या वर्षीचे पूर अजूनही लोकांच्या बोलण्यात येतात. पुराचे पाणी घरात शिरले म्हणजे ट्रंकेतील छायाचित्रांचा लगदा होतो. अशा वेळी दूरच्या केंद्रात ठेवलेली प्रत खरोखर तारून नेते. तेव्हा ढगास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र एकाच जागी ठेवलेली ठेव ही शेवटी एकाच जागी ठेवलेली ठेव असते, मग ती जागा माजघरातील ट्रंक असो वा समुद्रापारची इमारत असो.

याचा प्रत्यय जगाला अलीकडेच आला. दक्षिण कोरिया हा तंत्रविद्येत अग्रेसर गणला जाणारा देश. तेथील डेजॉन या शहरात सरकारचे एक मोठे विदाकेंद्र आहे. 26 सप्टेंबर 2025 रोजी तेथे विद्युतघटांच्या स्थलांतराचे काम चालू असताना आग लागली. सरकारच्या शेकडो सेवा त्यामुळे बंद पडल्या. यांपैकी बहुतेकांच्या प्रती अन्यत्र होत्या, म्हणून त्या हळूहळू पूर्ववत करता आल्या. परंतु 'जी-ड्राइव्ह' नावाचा एक साठा मात्र कायमचा गेला. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कार्यालयीन कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता या सामाईक साठ्यात ठेवावीत, अशी तेथे व्यवस्था होती. त्यात 858 टेराबाइट इतकी सामग्री साठली होती. साठा फार मोठा आणि त्याचे काम संथ, म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. आगीनंतर काय झाले? ज्या खात्याने आपले सर्व कागद निष्ठेने त्या एकाच ठिकाणी ठेवले होते, त्याचे नुकसान सर्वांत अधिक झाले. ज्या कार्यालयांनी काही कागद आपल्या संगणकांतही ठेवले होते, त्यांचे कमी झाले. मग कर्मचारी आपापल्या संगणकांतील जुन्या फाइली, पाठविलेली पत्रे आणि छापील कागद धुंडाळून हरवलेले काम जुळवू लागले.

त्यापूर्वी 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे पाच मजली विदाकेंद्र जळून खाक झाले. काही ग्राहकांनी आपल्या सामग्रीची दुसरी प्रत ठेवली होती; पण ती त्याच आवारात होती. मूळही गेले आणि प्रतही गेली. या दोन प्रसंगांतून दोन गोष्टी शिकता येतात. प्रत हवी, ही पहिली. आणि ती मूळच्या शेजारी नको, ही दुसरी.

आगीवाचूनही ठेव हातची जाऊ शकते. परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विसरला तर दार बंद होते. ज्या दूरध्वनी क्रमांकावर खूणशब्द येतो, तो क्रमांकच बदलला तर आपले खाते आपल्यालाच परके होते. गूगलसारख्या कंपनीच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकले जाऊ शकते. विनामूल्य मिळणारी जागाही अमर्याद नसते. गूगलच्या खात्यात पत्रे, फाइली आणि छायाचित्रे या सर्वांना मिळून 15 गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. ती भरली की नवे काही मावत नाही. कधी एखादी कंपनी आपली सेवाच बंद करते. दुसऱ्याच्या कोठारात धान्य ठेवले, तर कोठाराचे नियम पाळावे लागतात, हे यातील साधे सत्य आहे.

हे संकट नवे आहे, असे मात्र नाही. आपल्या मराठी वाङ्मयाच्या पहाटेच त्याची गाठ पडली होती. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ठिकठिकाणी हिंडून, ज्यांनी श्रीचक्रधरस्वामींना पाहिले होते त्यांच्याकडून आठवणी मिळविल्या आणि 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे धामधुमीच्या काळात त्याची मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांच्या स्मरणात तो ग्रंथ होता, त्यांनी तो आठवून आठवून पुन्हा लिहविला. ग्रंथ वाचला, पण त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. म्हाइंभटांच्या हातचा शब्द नेमका कोणता, हे ठरविण्यासाठी अभ्यासकांना आजही श्रम करावे लागतात.

दुसरे उदाहरण 'ज्ञानेश्वरी'चे. शके 1212 मध्ये नेवासे येथे हा ग्रंथ पूर्ण झाला. त्याच्या नकला घरोघरी होऊ लागल्या. पण नकलकाराच्या हातून अक्षर चुकते, ओवी गळते, कधी कोणी पदरची ओवी घालतो. सुमारे तीनशे वर्षांत पाठ अशुद्ध झाले. तेव्हा पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती मिळवून, त्या एकमेकींशी ताडून, शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. समर्थ रामदासांनी ज्या टाकळी गावी तपश्चर्या केली, ते नाशिकजवळच आहे. त्यांच्या 'दासबोधा'त अक्षर कसे काढावे, कागद व शाई कशी असावी, हे सांगणारा एक स्वतंत्र समास आहे. ग्रंथ टिकवायचा तर त्याची नक्कल नीट झाली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. ताडपत्र गेले, बोरू गेला, छापखाना आला आणि आता संगणक आला. पण प्रत करावी, ती ताडून पाहावी आणि दोन ठिकाणी ठेवावी, हा नियम बदलला नाही.

आता ढगातील ठेवीची प्रत घरी कशी आणावी, ते पाहू. त्याआधी एक भ्रम दूर केला पाहिजे. दूरध्वनीवर चित्र दिसते आणि ढगातही दिसते, म्हणजे दोन प्रती झाल्या, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. बहुधा या दोन जागा एकमेकींशी जुळवून ठेवलेल्या असतात. या जुळवणीस सिंक म्हणतात. ती आरशासारखी असते. आरशापुढून माणूस हलला की आरशातील प्रतिमाही जाते. त्याचप्रमाणे एका जागी चित्र पुसले की दुसऱ्या जागीही ते पुसले जाते. दूरध्वनीत जागा करावी म्हणून एखादा मुलगा चित्रे पुसतो आणि ढगातील चित्रेही त्याबरोबर जातात. पुसलेल्या वस्तू काही दिवस कचरापेटीत राहतात. गूगल ड्राइव्हवर ही मुदत 30 दिवसांची आहे. मुदत संपली की विषय संपला. तेव्हा जुळवणी म्हणजे प्रत नव्हे. जी एकदा काढून वेगळी ठेवली आणि मूळ पुसले तरी जी पुसली जात नाही, तीच खरी प्रत.

प्रत करण्यापूर्वी निवड करावी. ढगातील प्रत्येक वस्तू सारख्या मोलाची नसते. पाठ्यपुस्तक हरवले, तर ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घेता येते. सातबाराचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावर पुन्हा मिळतो. चित्रपट पुन्हा पाहता येतो. पण आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही. नोकरीनिमित्त बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांसह अंगणात काढलेले चित्र पुन्हा काढता येत नाही. जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी जपावे.

निवड झाली की घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन कामास लागावे, कारण खाते बहुधा त्यांचे असते. एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी. सामग्री थोडी असेल तर पेन ड्राइव्हही चालेल. फाइली थोड्या असतील, तर त्या एकेक उतरवून घेता येतात. पुष्कळ असतील, तर कंपनीने दिलेली घाऊक सोय वापरावी. गूगलमध्ये या सोयीचे नाव टेकआउट असे आहे. तेथे हवी ती सामग्री निवडून मागणी नोंदविली, म्हणजे काही वेळाने गठ्ठे तयार झाल्याचे पत्र येते. हे गठ्ठे ठरावीक दिवसांतच उतरवून घ्यावे लागतात. ते झिप नावाच्या आवळलेल्या रूपात असतात. संगणकावर आणून ते सोडावेत आणि वर्षवार फोल्डरांत लावून मग डिस्कवर नकलावेत.

यास वेळ किती लागेल, याचा हिशेब तुम्हांला करता येईल. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. 15 गिगाबाइट म्हणजे 15,000 मेगाबाइट, अर्थात 1,20,000 मेगाबिट. घरातील इंटरनेट दर सेकंदास 20 मेगाबिट वाहून आणत असेल, तर 6,000 सेकंद, म्हणजे 1 तास 40 मिनिटे लागतील. एक छायाचित्र 4 मेगाबाइटचे धरले, तर तेवढ्या वेळात सुमारे पावणेचार हजार चित्रे घरी येतील. एका दुपारचे हे काम आहे. त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

या कामात एक फसगत होते, तिच्याकडे लक्ष द्यावे. ढगात लिहिलेला एखादा निबंध संगणकाच्या फोल्डरात दिसतो; पण काही वेळा ती फाइल नसते, तर फाइलकडे जाणारी पाटी असते. गावाच्या नावाची पाटी घरी आणली, म्हणून गाव घरी येत नाही. अशी पाटी डिस्कवर नकलली, तर इंटरनेट नसताना तिच्यातून काहीच उघडत नाही. म्हणून असा मजकूर आधी वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावा.

प्रत झाल्यावर ती ताडून पाहावी. एकनाथ महाराजांचा धडा येथे उपयोगी पडतो. मूळ ठिकाणी फाइली किती आणि डिस्कवर किती, हे मोजावे. इंटरनेट बंद करून निरनिराळ्या फोल्डरांतील दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात. आवाज ऐकू येतो का, चित्र पूर्ण दिसते का, हे तपासावे. न तपासलेली प्रत म्हणजे न उघडलेला डबा; त्यात लाडू आहेत की नाहीत, हे भूक लागल्यावरच कळते.

डिस्कचीही निगा राखावी लागते. हार्ड डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक शीर्ष अगदी जवळून सरकत असते. चालू डिस्क हातातून पडली, तर तिला दुखापत होते. म्हणून काम चालू असताना ती हलवू नये आणि संगणकास सूचना दिल्यावाचून तिची तार ओढून काढू नये. पेन ड्राइव्हमध्ये चकत्या नसतात. त्यात विद्युतभाराच्या रूपाने अक्षरे साठविलेली असतात, व वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो. यास्तव वर्षातून एकदा तरी डिस्क जोडून पाहावी आणि काही वर्षांनी प्रत नव्या साधनावर उतरवावी. काम संपले की डिस्क संगणकापासून वेगळी करावी, कारण संगणकात शिरून फाइली कुलूपबंद करणारे घातकी कार्यक्रम असतात. ते जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोहोचतात. वेगळ्या ठेवलेल्या डिस्कला ते स्पर्श करू शकत नाहीत. ती जमिनीवर न ठेवता उंच, कोरड्या जागी ठेवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी.

या सगळ्याचे सार तीन, दोन, एक या नियमात सांगतात. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी असावी. आपल्या घराचा विचार केला, तर एक प्रत संगणकावर, दुसरी डिस्कवर आणि तिसरी ढगात, असे हे सहज जमते. घराला पूर आला तर ढग तारील. ढगाला आग लागली तर घर तारील.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एक संच दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तरी दुसरे संच चालू राहू शकतात. म्हणून गावोगावचे दिवे एकदम मालवत नाहीत. ही योजना संकट आल्यावर सुचून उपयोग नसतो. ती आधीच करून ठेवावी लागते. आपल्या आठवणींच्या बाबतीतही हेच खरे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. आज ज्यांचे आवाज घरात घुमत आहेत, ते आवाज पुढच्या पिढीने ऐकावेत असे वाटत असेल, तर त्यांची प्रत करण्याची वेळ आजचीच आहे.

स्वाध्याय

1. 'ढग' प्रत्यक्षात कोठे असतो? त्यास विजेची गरज का भासते?
2. डेजॉन आणि स्ट्रासबूर्ग येथील प्रसंगांतून कोणत्या दोन गोष्टी शिकता येतात?
3. जुळवणी आणि प्रत यांतील फरक आरशाच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
4. इंटरनेटचा वेग दर सेकंदास 40 मेगाबिट असेल, तर 15 गिगाबाइट सामग्री उतरविण्यास किती वेळ लागेल?
5. तुमच्या घरातील पुन्हा न मिळणाऱ्या पाच वस्तूंची यादी करा. त्यांची प्रत आहे का, ते वडीलधाऱ्यांना विचारा.